गुन्हा वसंतात, शिक्षा शरदात

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सँडहिल क्रौंचाची शिकार खुली करा, असं विधेयक 2021 नंतर 2025 मध्ये पुन्हा आलं. कारण काय, तर हा पक्षी वसंतात मक्याचे नुकते रुजलेले दाणे चोचीने उपटून खातो. शिकारीचा हंगाम मात्र शरदात, मका काढणीला आल्यावर! आणि गोळी कुणाला? समोर सापडेल त्याला. बियाण्याला औषधी लेप दिला की क्रौंच दाणे सोडून देतात. पण लेपाला पैसे पडतात आणि त्याचा रस्सा होत नाही. शिकारी मंडळी या पक्ष्याला ‘आकाशातलं रिबआय’ (रिबआय म्हणजे गोमांसाचा चविष्ट तुकडा) म्हणतात, ते काय उगाच? आणि याच क्रौंचाच्या 1930च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये जेमतेम 25 जोड्या उरल्या होत्या. शिकारीच्या विरोधकांना हळवे म्हणणाऱ्यांनी आपल्याला भूक लागली आहे, एवढं तरी कबूल करावं.