नंदीचा साचा

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी हा सिलिकॉनचा साचा करायला शिकण्यासाठी अत्यंत गैरसोयीचा नमुना असूनही, तुमसर तालुक्यात मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेल्या बपेऱ्यासारख्या गावातील नवशिका नेमका तोच निवडतो, कारण चार प्रती काढाव्यात इतकी हौसेने जपलेली वस्तू घरात बहुधा तीच असते. सिलिकॉन म्हणजे वाळूतील सिलिकेपासून बऱ्याच रासायनिक खटपटीनंतर मिळणारे रबर होय. आणि धानाच्या तुसाच्या राखेतही सिलिका भरपूर असूनही, ज्या तालुक्यात राइस मिलबाहेर तुसाचे ढीग लागतात तेथेच हे रबर कुरिअरने मागवावे लागते. या संयुगांवर हयात घालवणाऱ्या फ्रेडरिक किपिंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली त्यांच्या व्यावहारिक भवितव्याविषयी फारशी आशा व्यक्त केली नव्हती; हे मत पुढे जगाने खोटे ठरवले, तरी नवशिक्याला ते पहिल्याच दिवशी पटते.

रबरात हार्डनर, म्हणजे द्रव घट्ट करणारे रसायन, साधारणपणे वजनाने शेकडा तीन ते पाच भाग मिसळायचे असते, परंतु नवशिका ते अंदाजपंचे दाहोदरसे ओततो. शिवाय डब्यावरील वेळ बहुधा २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून दिलेली असते आणि वैशाखातील विदर्भाला हे गृहीतक मान्य नसते, त्यामुळे मिश्रण नंदीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच घट्ट होते आणि प्लास्टिकच्या मगाच्या आतील बाजूचा मात्र निर्दोष ठसा निघतो.

खरी परीक्षा पोटाखालच्या पोकळीत आणि वळलेल्या शिंगांत असते, कारण तेथे रबर अडकते. म्हणून नंदी निम्मा मातीत पुरून साचा दोन भागांत ओततात. या मातीत गंधक असेल, तर प्लॅटिनम जातीचे, म्हणजे प्लॅटिनम उत्प्रेरक वापरणारे, सिलिकॉन घट्ट होण्याचे साफ नाकारते आणि नंदीच्या पाठीवर चिकट लगदा तेवढा राहतो. सिलिकॉन सहसा कशालाही चिकटत नाही, स्वतःला मात्र घट्ट धरते; त्यामुळे पहिल्या भागावर व्हॅसलीन न लावता दुसरा ओतला की दोन्ही एकजीव होतात, नंदी आत कोंडला जातो आणि पोळा तोंडावर आलेला असताना घरच्या लेकराला याचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी कोणत्याही माहितीपत्रकात नमूद नसते. सगळे जमले, तरी सिलिकॉन सुताराच्या पटाशीचा प्रत्येक ओरखडा आणि वार्निशात उमटलेला अंगठाही इमानाने उचलते.

तेव्हा शिकणाऱ्याने रबराआधी वजनकाटा विकत घ्यावा, आणि पहिला साचा सपाट बुडाच्या मातीच्या पणतीचा करावा.