चार विसा आणि पंधरा

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की दरवर्षी एक वाक्य माझ्या काळजात रुततं : "मॅडम, फ्रेंच स्कोअरिंग आहे हो." ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवून मला २६ वर्षं झाली. दर जूनमध्ये बरी बरी मुलं माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या वर्गात जाऊन बसतात. यंदा ठरवलं, शत्रूच्या गोटात शिरून पाहायचंच. सदाशिव पेठेतल्या एका संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं. अर्जात 'व्यवसाय'पुढे 'गृहिणी' लिहिलं. पोळ्या मीच लाटते, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले आणि पाय सवयीने थेट टेबलाकडे वळले. पोरं उठून उभी राहिली. मी "बसा" म्हणून डस्टर उचललं, तेवढ्यात मागून पंचविशीतल्या एका मुलीचा आवाज आला, "काकू, ती माझी जागा आहे." त्या आमच्या मॅडम. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

सुरुवात झकास झाली. आमचं घराणं मूळचं गुहागरकडचं, त्यामुळे अनुस्वार नाकातून सोडण्याची विद्या उपजतच. शाळेत त्यावरून मुलं चिडवायची. इथे 'बों' म्हणताच मॅडम म्हणाल्या, "परफेक्ट!" आजीच्या नाकाचं अखेर चीज झालं.

पुढे मात्र घसरण. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. पुस्तक तो, टेबल ती. मिशी आणि दाढी तिकडेही 'ती'च, एवढाच काय तो आपल्याला आधार. मी विचारलं, "मॅडम, टेबल स्त्रीलिंगी का?" त्या म्हणाल्या, "का वगैरे नसतं काकू, पाठ करा." हे वाक्य माझं होतं! 'ते टेबल, मग ती खुर्ची का?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी २६ वर्षं तेच तर ऐकवत आले होते.

मग आकडे. पंच्याण्णव म्हणजे 'चार विसा आणि पंधरा'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात पंच्याण्णवला 'नव्वद पाच' वाचायला सांगितलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सर्वांत मोठा आवाज माझा होता. आता मी गुपचूप बोटांवर विसा मोजत होते.

पण खरा घात केला मुक्या अक्षरांनी. पाण्याला फ्रेंचमध्ये म्हणतात 'ओ'. लिहायची तीन अक्षरं, आणि त्या तिघांत 'ओ' कुठेच नाही! अनेकवचनात चौथं येतं, तेही तोंड उघडत नाही. पहिलं शुद्धलेखन तपासून आलं, तर वही लालेलाल. ३१ चुका. मी लगबगीने मॅडमपाशी गेले. "उच्चार तर तोच होतो ना? डोक्यावरची एवढीशी रेघ राहिली, अर्धा मार्क तरी द्या!" बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. वेलांटीसाठी माझ्याशी हुज्जत घालणारी पोरं शब्द न शब्द हेच बोलतात.

मॅडमनी समजूत काढली. १८५७ मध्ये लेखक प्रॉस्पेर मेरिमेने तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात गंमत म्हणून शुद्धलेखन घातलं होतं. त्यात म्हणे खुद्द सम्राटाच्या ७५ चुका झाल्या, सम्राज्ञीच्या ६२, आणि ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या फक्त ३. म्हणजे मी सम्राटापेक्षा सरस! जरा ताठ मानेने बाकावर परतले.

शेजारी बसणारा अकरावीतला मुलगा माझ्या वहीत डोकावला. त्याच्या चुका चार. त्याला माझी दया आली असावी. हळूच म्हणाला, "काकू, खरं सांगू? फ्रेंच तुमचं काम नाही. तुम्ही मराठी घ्या. मला ते ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, पण तुम्हाला जमेल. थोडी प्रॅक्टिस लागते फक्त."