दर्शनी भाग

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं की माणूस आधी गेम सुरू करतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी कार्ड कधी घेतलेलं नाही. माणूस आधी कॅबिनेट वळवतो. पाहुण्याला चपला काढता काढताच काचेतून आतला जांभळा उजेड दिसला पाहिजे. काशीत ब्रह्माघाटावरच्या आमच्या घरात दार आणि टेबल यांच्या मध्ये आजोबांचं पोथ्यांचं कपाट येतं, ते सरकवावं लागलं. चार पिढ्यांत ते कोणी हलवलं नव्हतं. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आता आरती इथेच करायची का?"

कार्ड आरटीएक्स ३०६०, मेमरी १२ जीबी. आधीचं १०५० टीआय मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळेल त्या ७५ वॉटवर मुकाट जगत होतं. नव्याला १७० वॉट लागतात आणि एसएमपीएसपासून आठ पिनांची स्वतंत्र वायर. आमच्या घरात स्वतंत्र वायर लागणारी दुसरी वस्तू म्हणजे एसी. शेजारच्या काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी "बिल किती येईल?" विचारलं. कौतुकाची रीत प्रत्येकाची वेगळी.

खेळतो काय, तर ट्रक चालवतो. यूरो ट्रक सिम्युलेटर २, सन २०१२चा गेम. ठठेरी बाजारात मला स्कूटर वळवता येत नाही, पण प्रागहून रॉटरडॅमला वीस टन माल मी ओरखडाही न पडता नेतो. म्हणजे नेत असे. नवं कार्ड बसल्यावर झाडांची पानं मोजता येऊ लागली, ओल्या रस्त्यात समोरच्या गाडीचे लाल दिवे लखलखायला लागले, आणि दर थोड्या अंतराने ट्रक आचका देऊ लागला. देत तो आधीही असणार. पण तेव्हा सगळंच धूसर होतं, त्यामुळे खपून जात होतं.

कोपऱ्यात आकडा दिसतो तो मात्र नव्वद! सेकंदाला नव्वद चित्रं. नव्वद असताना आचका येतोच कसा, असं मी ज्याला त्याला विचारत सुटलो. त्यात प्रश्न कमी आणि नव्वद जास्त होतं.

सरासरीचा हा जुना कावा आहे. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे प्रत्येकाला साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद. पण एकोणसाठ चित्रं पंधरा-पंधरा मिलिसेकंदांत आली आणि साठाव्याने एकट्याने एकशेपंधरा खाल्ले, तरी वर आकडा साठच दिसतो, डोळ्याला मात्र ते एकशेपंधराच बोचतात. म्हणून जाणकार आकडा बघतच नाहीत, प्रत्येक चित्राला लागलेल्या वेळाचा आलेख बघतात. माझा आलेख सपाट जाता जाता मध्येच ताडासारखा उभा राहायचा.

मुलगा पुण्यात नोकरीला असतो. ट्रक आम्ही नेटवरून मिळून चालवतो, म्हणून त्याला आधी इंटरनेटची शंका आली. तेही वाजवी होतं. २०१५ साली घाटांवर वायफाय आलं तेव्हा त्याची ऑप्टिकल फायबरची वायर माकडांनी कुरतडल्याची बातमी परदेशी वृत्तसंस्थेने दिली होती. काशीचं नाव असं अधूनमधून जगभर होतं. मी गच्चीवर जाऊन आलो. वायर शाबूत होती आणि माकडं माझ्याचकडे संशयाने बघत होती. नेटचा दोष असता तर दुसऱ्याचा ट्रक उड्या मारताना दिसला असता, इथे सगळं जगच थांबत होतं. मग सेफ मोडमध्ये जाऊन कार्डाचा जुना ड्रायव्हर मुळापासून काढला, नवा घातला. आचका कायम.

या दिवसांत मला सगळ्यात जास्त चीड आली ती "सेटिंग कमी करा" म्हणणाऱ्यांची. अहो, कमी करायचं होतं तर कार्ड कशाला घेतलं असतं? आणि दर वेळी दोष गिऱ्हाइकाच्याच यंत्रात कसा? २०२३च्या मार्चमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आला, तेव्हा लोक पैसे भरून गेमच्या पहिल्याच पडद्यावर शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार व्हायची वाट बघत बसले होते. प्लेस्टेशनवर सगळ्यांचं यंत्र सारखं, म्हणून शेडर आधीच शिजवून देता येतात. पीसीला प्रत्येकाचं कार्ड वेगळं, तेव्हा ते ज्याच्या त्याच्या घरी शिजायचे. आधी शिजवले तर वाट बघा, नाही शिजवले तर ऐन लढाईत आचके खा. माल विकत घ्यायचा आपण, तपासायचाही आपणच, वर ऐकून घ्यायचं की यंत्र जुनं झालं.

तसं ऐकून घेणं माझ्याही नशिबी होतंच. रथयात्रा चौकाच्या बाजूला कॉम्प्युटरवाल्यांची दुकानं आहेत. तिथल्या एका पोराने पान गालात सरकवून आलेख बघितला आणि म्हणाला, "गुरु, कार्ड त टनाटन हौ, बाकी मशीनवा बुढ़ा गइल हौ." कार्ड पस्तीस टक्के काम करत होतं आणि बाकीचा वेळ दिवे लावून बसलं होतं. हा गेम बराचसा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर टाकतो. माझा आय-फाइव्ह ७४०० हा २०१७चा, चार कोअरवाला. रॅमची आठ जीबीची एकच पट्टी. गेम साध्या हार्ड डिस्कवर. पुढचं शहर जवळ आलं की त्याची घरं, पूल, सिग्नल डिस्कवरून ओढून आणायचे, तेवढ्यात ट्रक ताटकळणार.

इथे मला शिंदे घाटाबद्दल बोलू द्या. विषयांतर आहे, पण काशीतला मराठी माणूस घाटावर घसरणारच.

आम्ही मराठ्यांनी काशीत बांधलं ते बहुतेक दिसेल असं बांधलं. अहिल्याबाईंनी १७८० साली विश्वनाथाचं देऊळ उभं केलं, त्यांच्या नावाचा घाट आहे. नागपूरकरांचा भोसले घाट आहे. पंचगंगा घाटावर बिंदुमाधवाचं आत्ताचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. पाहुण्यांना नावेतून हे सगळं मी बोटाने दाखवत नेतो. माझ्या पूर्वजांनी यातला एकही दगड उचललेला नाही, हे सांगायचं दर वेळी राहून जातं. तर ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे, कागलच्या घाटग्यांची लेक. ज्ञानवापीच्या विहिरीभोवती १८२८ साली त्यांनी खांबांचा मंडप घातला, तो टिकला. मग १८३०च्या सुमारास मणिकर्णिकेला लागून घाट बांधायला घेतला, आणि तो असा भरभक्कम की त्याच्या भाराने खालची जमीनच दबली आणि बांधकाम नदीकडे खचलं. पुढे विसाव्या शतकात शिंद्यांनीच तो पुन्हा बांधून काढला. शेजारी रत्नेश्वराचं देऊळ कललेलं आहे. लोक पिसाच्या मनोऱ्याच्या गोष्टी सांगतात, आम्ही त्यांना इथे आणून उभे करतो.

बायजाबाईंनी तो मंडप घातला त्याच दशकात इथल्या टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप नावाचा साहेब होता. ब्राह्मी लिपी पुढे वाचली तोच. तो या शहराची चित्रं काढत हिंडायचा. शहरात तळी साचून घाण व्हायची, तर त्याने जमिनीखालून कमानीचा बोगदा बांधून पाणी काढून दिलं. बोगद्यापुढे उभं राहून कोणी फोटो काढल्याचं ऐकिवात नाही. आता मला सांगा, साहेबाचं शहाणपण मान्य, पण नावेतल्या पाहुण्याला दाखवायचं काय? गटार? मी बायजाबाईंच्या बाजूचा आहे. वंशपरंपरेनेच म्हणा ना.

मुलगा अर्थात प्रिन्सेपच्या बाजूचा निघाला. "बाबा, रॅमची आणखी एक पट्टी आणि एसएसडी. बाकी कशाला हात लावू नका." दोन्ही वस्तू अशा, की बसवल्यावर बसवल्या हे आपल्यालाही दिसत नाही.

रविवारी रात्री आम्ही दोघं एका ताफ्यात चालवतो. २०२१पासून या गेममध्ये ती सोय आहे. फोनवर आमचं बोलणं कधीच लांबत नाही. जेवलास का? हो. थंडी आहे का? आहे. मग तो आईकडे फोन द्या म्हणतो. ट्रकमध्ये मात्र तासन्‌तास फोन स्पीकरवर चालू असतो आणि दोघंही फारसं बोलत नाही. पुढे त्याचा ट्रेलर, मागे मी. मध्येच तो म्हणतो, "डावीकडे घ्या बाबा." एकदा हॅम्बुर्गच्या अलीकडे, असंच काही नसताना, ऑफिसात नीट चाललेलं नाही म्हणाला. मी "हं" म्हणालो. समोरासमोर असतो तर उपदेश केला असता आणि पोराने पुन्हा सांगितलं नसतं. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच मराठी घरांतली पोरं आता पुण्याला, बंगळुरूला. गणपतीत येतात, आरतीला आवाज भरतो, मग पुन्हा कुलपं. म्हणून तो आचका मला खुपायचा. आचका आला की वळण चुकायचं, त्याचा ट्रेलर पुढे निघून जायचा आणि फोनमधून आवाज यायचा, "थांबलोय मी. या सावकाश."

पट्टी आणली. जुनी काढली, तिची सोनेरी टोकं खोडरबराने घासली, दुकानातल्या पोराने बजावलं होतं. चार खाचांपैकी दुसरी आणि चौथी. पट्टी दोन्हीकडून सारखी दाबावी लागते, आणि टक् आवाज येईपर्यंत काळजाचं पाणी होतं. गेम एसएसडीवर हलवला. आलेखातले बहुतेक ताड जमीनदोस्त झाले. सरासरी नव्वदची ब्याण्णव झाली, म्हणजे सांगण्यासारखं काहीच नाही. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिवे तर तेवढेच दिसताहेत."

मोठ्या शहरांत अजून थोडं अडखळतं. मुलगा म्हणतो तो प्रोसेसर आहे, आणि याच बोर्डात बसणारा सेकंडहँड आय-सेव्हन ७७०० मिळतो, तो टाकू. म्हटलं टाकू. पण तो बसणार पंख्याखाली, झाकलेला. तेव्हा वरचा पंखा दिव्यांचा मिळतो का, एवढंच मी विचारलं.