पुस्तक धरणारा

मराठी रंगभूमीची जी काही सेवा माझ्या हातून घडली ती सर्वस्वी अदृश्य राहून घडली, आणि तिचा एकमेव छापील पुरावा म्हणून एका स्थानिक साप्ताहिकाचे जे पिवळे पडलेले कात्रण माझ्या कपाटात आहे त्यात ‘प्रॉम्प्टरचे शुद्ध व खणखणीत उच्चार शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू येत होते’ असे परीक्षकाने नमूद केले आहे. हे कात्रण मी कित्येक वर्षे घरी आलेल्यागेलेल्यांना अभिमानाने दाखवीत असे. त्यातली खोच प्रथम माझ्या पत्नीच्या ध्यानात आली, तीही लग्नाच्या चौथ्या दिवशी. आणि संसारात आपले स्थान विंगेतच राहणार हे मी त्याच दिवशी ओळखले.

या सेवेला मला जुंपणारे आमचे सर कॉलेजात मराठी शिकवीत; निदान वेळापत्रकात तसे लिहिलेले असे. वस्तुतः ते नाटक शिकवीत, आणि नाटकाच्या वाटेत भाषा, व्याकरण, इतिहास, क्वचित स्वयंपाकसुद्धा जे जे आडवे येई ते तेही शिकवून टाकीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात ‘सीता स्वयंवर’ उभे केले त्या सांगलीत जन्म झाल्यामुळे आपल्याला दुसरा इलाजच नव्हता, असे ते म्हणत. त्यांची कालगणनाही पंचांगाला धरून नव्हती. त्यांच्या मातोश्रींचा जन्म १९१०चा. पण सर तो ‘सरकारनं कीचकवधावर बंदी घातली त्या वर्षीचा’ असाच सांगत, आणि थोरल्या मावशीचे लग्न ‘बालगंधर्व आणि केशवराव भोसले संयुक्त मानापमानात उभे राहिले त्या साली’, म्हणजे १९२१ला, झाले होते. संस्थेच्या कचेरीने सेवापुस्तकासाठी सरांची स्वतःची जन्मतारीख मागितली तेव्हा हेड कारकुनावर काय प्रसंग गुदरला असेल त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

देवल शिकवायचे झाले की सर वर्ग वर्गात घेत नसत. आम्हा तीसपस्तीस जणांना ते हरिपूरच्या रस्त्याने चालवत नेत आणि कृष्णा-वारणेच्या संगमावर बसवून ‘शारदा’ सांगत. देवल मूळचे हरिपूरचे. बेळगावच्या शाळेत त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक म्हणून लाभले. हे सांगताना सरांचा स्वर असा काही हळवा होई की नदीवर कपडे धुणाऱ्या बायकाही हातातले काम थांबवीत. ‘अण्णासाहेबांच्या हाताखाली देवल निघाले,’ एवढे बोलून ते आमच्यावरून, पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत, एकवार दृष्टी फिरवीत, दीर्घ निःश्वास टाकीत आणि कागदातले भडंग पुढे करीत. त्या निःश्वासातून निदान मला तरी वगळलेले असावे, अशी माझी त्या काळी प्रामाणिक समजूत होती.

या समजुतीच्या बळावरच त्या वर्षीच्या गॅदरिंगसाठी सरांनी ‘एकच प्याला’ घेतले तेव्हा सुधाकराचे काम आपल्याकडे चालत येणार, हे मी गृहीत धरून बसलो होतो. निवडीच्या दिवशी मी जो काही आवाज लावला त्याने वर्गाच्या तावदानांना कंप सुटला. सर डोळे मिटून ऐकत होते. ते तल्लीन झाले आहेत असे वाटून मी दारुड्याचा झोक जाताजाता आणखी दोन ठिकाणी घातला. माझे संपल्यावर ते बराच वेळ तसेच बसून राहिले आणि मग म्हणाले, “आवाज चांगला आहे. लपवायला हवा.” नंतर टेबलावरचे पुस्तक त्यांनी माझ्या हाती दिले. “तू पुस्तक धर.”

सुधाकर मिळाला तो मिरजेहून रोज सायकल हाणीत येणाऱ्या एका कुरळ्या केसांच्या इसमाला. आम्ही त्याला मिरजकर म्हणत असू. त्याच्याविषयी अधिक लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. तो चांगले काम करी.

माझा उतरलेला चेहरा पाहून सरांनी मला त्या संध्याकाळी चहाला नेले आणि एकदम विचारले, “एकच प्यालातली पदं कुणाची?” मी छाती पुढे काढून म्हटले, “गडकऱ्यांची!” “गुर्जरांची,” सर म्हणाले. “वि. सी. गुर्जर. गडकरी १९१९च्या जानेवारीत सावनेरला गेले, आणि गंधर्व मंडळींनी महिन्याभरात बडोद्याला नाटक लावलं. पदं गुर्जरांनी लिहून दिली. पिढ्यान्‌पिढ्या लोक सिंधूबरोबर रडतायत आणि तू मराठीचा विद्यार्थी असून तुला ते नाव ठाऊक नाही. याला म्हणतात विंगेतलं काम.” हे सांत्वन ऐकून माझे दुःख हलके होण्याऐवजी गुर्जरांच्या दुःखाची त्यात भर पडली, पण चहा चांगला होता.

येथे प्रॉम्प्टर या संस्थेविषयी चार शब्द लिहिणे मला भाग आहे. ज्यांना केवळ सरांविषयी वाचायचे असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल ओलांडावेत. भाव्यांच्या नाटकांत प्रॉम्प्टर नव्हता, कारण विसरण्याजोगे तिथे काही लिहिलेलेच नसे: सूत्रधाराने पद म्हणायचे आणि पात्राने त्याच्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल ते भाषण ठोकून द्यायचे. राक्षसाला तर आरडाओरडा येत असला म्हणजे पुरे. पुढे छापील संहितेबरहुकूम बोलायची नाटके आली, आणि त्यांना त्या काळच्या लोकांनी ‘बुकिश’ असे जे नाव ठेवले त्यातच आमच्या जातीचा जन्म झाला, असा माझा सिद्धांत आहे. कारण बुक आले की ते कोणीतरी हातात धरणे आले. हा सिद्धांत मी एका परिसंवादात मांडला तेव्हा अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठविली होती. प्रॉम्प्टरला उभे राहायला मिळते ते विंगेतल्या सर्वांत अंधाऱ्या आणि सर्वांत रहदारीच्या जागी. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात बॅटरी, बॅटरीच्या काचेवर उजेड बाहेर फुटू नये म्हणून लावलेला तांबडा जिलेटीनचा कागद, आणि पाठीमागे प्रवेशासाठी टपलेल्या पात्राच्या फेट्याचे टोक कानात. संपूर्ण वाक्य सांगायचे नसते. पहिला शब्द, फार तर दुसरा, तोही नटाच्या श्वासाच्या सुरुवातीला. आवाज जायला हवा बारा फुटांवर, आणि तेराव्या फुटावर त्याचा ठावठिकाणा लागता कामा नये. नटाला निदान टाळी मिळते. प्रॉम्प्टरचे काम उत्कृष्ट झाले याची खूण एवढीच, की तो होता हे कोणाला कळले नाही. एवढी निरपेक्ष कला संन्याशालाही पेलली नसती, आणि सरांनी ती माझ्यासारख्या, आरशासमोरून उठायला नाखूष असलेल्या प्राण्याकडे सोपविली.

आणि या कलेचे मर्म अजून पुढेच आहे. सरांनी माझ्या पुस्तकात तांबड्या पेन्सिलीने जागोजाग उभ्या रेघा मारल्या होत्या. एक रेघ म्हणजे दमाची जागा, दोन म्हणजे पॉज. “थांबलेला नट आणि विसरलेला नट लांबून सारखेच दिसतात,” सर म्हणत. “थांबलेल्याला शब्द दिलास तर तू त्याचा खून केलास, विसरलेल्याला दिला नाहीस तरी खूनच.” मग ओळखायचे कसे? “चेहऱ्याकडे बघू नकोस. चेहरा नटाचा असतो, तो खोटं बोलतो. पायाच्या अंगठ्याकडे बघ. विसरलेल्या माणसाचा अंगठा जमीन उकरायला लागतो.” महिनाभर तालमीत मी नाटकाऐवजी अंगठेच पाहिले. मिरजकराच्या उजव्या अंगठ्याचे नख काळे पडलेले होते, सिंधूचे काम करणारी मुलगी भाषणापूर्वी अंगठा दुमडीत असे, आणि तळीराम पायांत बूट घालून माझी घोर फसवणूक करी.

प्रयोगाच्या रात्री भावे नाट्यमंदिर भरलेले होते, माझ्या मावश्या तिसऱ्या रांगेत होत्या, आणि आपला भाचा कोठे दिसत नाही म्हणून त्यांची चाललेली कुजबूज मला विंगेत ऐकू येत होती. सुधाकराच्या हाती पेला आला. येथे पुस्तकात दोन तांबड्या रेघा होत्या, मिरजकराचा अंगठा दगडासारखा स्थिर होता, आणि दोन्ही गोष्टी मला दिसत होत्या, हे मी आज प्रतिज्ञेवर सांगतो. तरीही, नाट्यगृहातल्या त्या विलक्षण शांततेत, पुढचे वाक्य आपल्याला येते ही गोष्ट मावश्यांना कळविल्यावाचून मला राहवेना. मी शब्द दिला. मिरजकराने तो घेतला नाही. मी पुन्हा, जरा वर चढून, दिला. इतक्यात पिटातून कोणीतरी कळवळून ओरडले, “अहो, सांगतोय तो बिचारा, घ्या की!” पुढे पाच मिनिटे सुधाकराच्या सर्वनाशावर प्रेक्षक पोट धरधरून हसत होते.

सरांनी मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “राहू दे तुझ्याकडे. पुढच्या वर्षी लागेल.”

आमच्या लेखनावरही त्यांचा असाच हात फिरे. माझी एक गोष्ट त्यांनी तपासून दिली तेव्हा मूळ अकरा पानांची साडेसहा उरली होती आणि खाली शेरा होता: ‘विशेषणे आपणांस साभार परत.’ ती मी जपून ठेवली, आणि पुढे आयुष्यभर थोडीथोडी खर्च करीत आलो आहे. वाचकांना याचा अनुभव या लेखातही आला असेल. त्यांचे स्वतःचे नाटक मात्र पुरे होत नव्हते. ते भाव्यांवर होते. उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या पुरवण्यांवर त्यांनी त्याचा पहिला अंक नऊ वेळा लिहिला, आणि अक्षर बरे म्हणून नऊही वेळा त्याची स्वच्छ प्रत मी केली. कॉलेज सुटून बँकेत चिकटल्यावरही करीत राहिलो. दुसरा अंक का होत नाही असे एकदा विचारले, तर म्हणाले, “पहिल्यात अजून एक माणूस खोटं बोलतोय. कोण ते सापडत नाही.”

दुसरा अंक न होण्याचे आणखी एक कारण मला ठाऊक आहे. त्या ‘एकच प्याला’साठी सरांनी कचेरीतून दीडशे रुपयांची तसलमात उचलली होती, आणि जमाखर्च मांडताना आपल्या स्वभावाप्रमाणे ‘दारू (कोरा चहा) — रु. ३.५०’ असे एक कलम तपशिलात लिहिले होते. शैक्षणिक संस्थेच्या दप्तरी दारूचा खर्च दाखविता येत नाही, असा आक्षेप निघाला. सरांनी खुलासा दिला की तो चहा होता. चहा असल्यास तो अल्पोपाहाराच्या सदरात का दाखविला नाही, अशी पृच्छा आली. अल्पोपाहार पात्रांनी केला नसून सुधाकराने केला, असे सरांनी कळविले. हा पत्रव्यवहार मी पुढे कैक मैफलींत रंगवून सांगितला आहे आणि त्यावर हशा घेतला आहे. पण तो वीसएक वर्षे चालला होता, आणि सर निवृत्त झाले तेव्हा अखेरच्या हिशेबात ‘येणे बाकी’ म्हणून तेवढी रक्कम कापून घेतली होती, हा भाग मी मैफलीत सांगत नसे. रोज संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत ज्या माणसाने परक्यांच्या पोरांना उभे राहायला, बोलायला आणि गप्प बसायला शिकविले, खिळ्यांपासून गजऱ्यांपर्यंत किती खर्च स्वतःच्या खिशातून केला याची कधी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही, त्याच्या नावावर संस्थेला एवढे एकच कलम आढळावे! मला अजून संताप येतो. सरांना आला नाही. तो कागद त्यांनी माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “संवाद बरे आहेत. शेवट मात्र लेखकाला जमला नाही.”

गेल्या थंडीत त्यांना गावभागातल्या घरी भेटायला गेलो. दारातच त्यांच्या मुलीने हळूच सांगितले, “काका, हल्ली नावं चुकतात हं त्यांची. वाईट वाटून घेऊ नका.” सर आरामखुर्चीत, शाल लपेटून बसले होते. मला पाहताच चेहरा उजळला, आणि काही प्रास्ताविक न करता त्यांनी आपल्या पहिल्या अंकातले भाव्यांचे भाषण सुरू केले. आवाज खोल गेला होता, पण दमाच्या जागा जिथल्या तिथे होत्या. अर्धे भाषण झाले आणि ते थांबले.

त्या ठिकाणी दोन रेघा होत्या की नव्हत्या, हे नऊ प्रती करूनही मला काही केल्या आठवेना. सवयीने मी खाली पाहिले. पायांत लोकरीचे जाड पायमोजे होते.

मी काही वेळ वाट पाहिली, आणि मग, बारा फुटांचा नव्हे तर दोन फुटांचा आवाज काढून, पुढचा शब्द दिला.

“पॉज होता तो,” सर म्हणाले.

पण भाषण त्यांनी पुढे नेले नाही. माझा हात हातात घेऊन ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. “मिरजकर,” ते म्हणाले, “तुझा तो सुधाकर! पेला हातात घेऊन काय थांबला होतास रे! तसा पॉज मी पुन्हा पाहिला नाही.”

आयुष्यभर ज्याने नटांच्या चुका जागच्या जागी दुरुस्त केल्या त्या माझ्यासारख्या मनुष्याने या ठिकाणी योग्य तो शब्द द्यायला हवा होता. मी दिला नाही. पन्नास वर्षे ज्या भूमिकेवर डोळा होता ती अशी आयती अंगावर आली असताना ती नाकारण्याइतका मी मोठा नाही. मी नम्रपणे मान लववून म्हटले, “सगळी आपली कृपा, सर.”

“आणि तो प्रॉम्प्टर?” सरांनी विचारले. “फार मोठ्यानं बोलायचा. कुठं असतो हल्ली?”

“असतो इथंच,” मी म्हणालो.

सरांनी कानामागे हात धरला. “ऐकू नाही आलं.”