शेवटचे पान नसलेली रहस्यकथा

रहस्यकथा लिहिणाऱ्यांना उद्याची बातमी आज दिसते म्हणतात. अगाथा ख्रिस्तीने १९६१ साली ‘द पेल हॉर्स’मध्ये थॅलियमचे विष वापरले. रंग नाही, चव नाही. माणूस दुखण्यानेच गेला असे वाटावे. १९७७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात बाळाच्या आजाराचा थांग लागेना, तेव्हा हीच कादंबरी वाचणाऱ्या परिचारिकेने शंका काढली आणि विष सापडले. २०२३ मध्ये गडचिरोलीतल्या महागावात एकाच कुटुंबातली पाच माणसे काही दिवसांत गेली. पोलिसांच्या तपासात निघाले थॅलियमच!

आपले बाबूराव अर्नाळकरही मागे नव्हते. हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यात वेषांतराला तोटा नाही. आज खाकी शर्ट चढवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारे तोतये पाहिले की वाटते, बाबूरावांच्या पात्रांना निदान मिशी तरी नीट चिकटवता येत होती.

पण जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या रावेरचा गुन्हा यांच्यापैकी कोणालाही सुचला नाही. रात्री कोणीतरी बागेत शिरतो, निसवलेल्या केळीची खोडे सपासप कापतो आणि जातो. सोनेनाणे नाही, खंडणीची चिठ्ठी नाही. घडसुद्धा तिथेच लोळत असतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला पोहोचली. कोयतेवाल्याला एवढे कौतुक पुरले असावे.

मग पंचनामा होतो. बातमीत ‘अज्ञात माथेफिरू’ येतो. हा माथेफिरू मोठा हुशार: अमावास्या कळते, रखवालदार जेवायला कधी जातो ते कळते, शंभर बागांतून नेमकी एकच बाग ओळखता येते. बांधावरून कोणाचे कोणाशी वाजले, निवडणुकीत कोण कोणाच्या विरोधात होते, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ. जबाब नोंदवायची वेळ आली की गावाची स्मरणशक्ती अचानक जाते.

असले हस्तलिखित संपादकाने परत पाठवले असते. हेतू पहिल्याच पानावर कळतो, संशयित दुसऱ्या पानावर, आणि पुढे वर्षानुवर्षे काहीच घडत नाही. ख्रिस्तीबाईंना शेवटी खुनी दाखवावाच लागे, नाहीतर वाचक पैसे परत मागत. इथे तलाठी येतो, नुकसान लिहून नेतो, आणि शेतकरी पुढच्या लागवडीसाठी पुन्हा कर्ज काढतो.

तेव्हा कोणा रहस्यकथाकाराला विषय हवा असेल तर त्याने जरूर रावेरला यावे. माहिती भरपूर मिळेल, साक्षीदार मात्र येताना सोबत आणावा.