आधी हब बघा

“आजी, थंब लागत नाही. हात धुऊन या.” आळंदीतल्या कुठल्याही सेवा केंद्रात तासभर थांबा, हे ऐकू येतंच. आजी हात धुतात, पदराला पुसतात, पुन्हा अंगठा दाबतात. मग निकाल लागतो: वय झालं, रेषा झिजल्या, उद्या या.

रेषा झिजतात, हे खरं. खुरपणीनं झिजतात, चाकणच्या वर्कशॉपमध्ये लोखंड हाताळूनही झिजतात. पण अंगठ्याला दोषी धरण्याआधी कोणी टेबलामागची वायर बघतं का?

लॅपटॉपला यूएसबी पोर्ट दोन नाहीतर तीन. जोडायचं काय काय? माउस, कीबोर्ड, वेबकॅम, स्कॅनर, प्रिंटर आणि बोटाचं मशीन. म्हणून मध्ये एका पोर्टचे अनेक करणारा एक स्वस्तातला हब येतो, तोही अ‍ॅडाप्टर नसलेला. यूएसबी 2.0 चा एक पोर्ट देतो 500 मिलीअँपिअर. असा हब लावला की सगळ्यांनी तेवढ्यातच भागवायचं. मानकाप्रमाणे हबच्या एकेका पोर्टच्या वाट्याला येतात फक्त 100. बोटाखाली दिवा लावून ठसा टिपणाऱ्या मशीनला ते पुरलं नाही, की ते मध्येच तुटतं, पुन्हा जोडलं जातं, पुन्हा तुटतं. माउसला काही होत नाही, त्याची भूक लहान. म्हणून बाकी सगळं चालू दिसतं आणि खापर अंगठ्यावर फुटतं.

खरं काय झालं, ते स्क्रीनवर आलेलं असतं. 300 आकडा आला तर ठसा आधारच्या नोंदीशी जुळला नाही. 720 आला तर मशीनच तयार नाही. अंगठ्याचा तिथे संबंधच नाही. ही स्क्रीन ऑपरेटरकडे तोंड करून असते आणि समोरच्याला दोन्ही वेळा एकच उत्तर मिळतं. चीड येते ती याची. चूक कुणाची हे लिहून आलेलं असताना मरकळहून एसटीनं आलेल्या बाईला परत पाठवायचं?

ऑपरेटरवर राग नाही. तो एकटा आहे, समोर रांग आहे, आणि हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. पण बोटाचं मशीन थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावायला पैसे पडत नाहीत. बाकीच्यांसाठी अ‍ॅडाप्टरवाला हब घ्यावा, आणि कुठली वायर कुठे, याच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात.

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले सुरू होतात. कार्तिकी वारीही त्याच सुमाराला येते, गाव माणसांनी भरतं. तेव्हा रांगेतल्या प्रत्येकानं विचारावं, “आकडा कोणता आला?” 300 असेल तर हयातीच्या दाखल्यासाठी 2021 पासून चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय आहे, ती तिथल्या तिथे वापरा. 720 असेल तर आजींना खुर्ची द्या आणि हब काढा.