ॲव्हरेजवाले

तळेगाव ढमढेऱ्यात कुणाच्या दारात नवी गाडी आली की बायका हळदकुंकू वाहतात, पोरं फोटो काढतात आणि ॲव्हरेजवाले वाकून सायलेन्सरच्या तोंडात बोट घालतात. बोट काळं निघालं तर "पेट्रोल खातीय" असा निकाल. स्वच्छ निघालं तर "खाईल".

गाडीचा रंग, किंमत, गाणी वाजतात की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. शिक्रापूरच्या पंपाकडे ते वळताना दिसले की तिथली पोरं एकमेकांना पुढे ढकलतात. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मग गाडी धरून गदागदा हलवायची, आतली हवा निघाली की आणखी थोडं. पावती खताच्या दुकानातून मिळालेल्या डायरीत. उतार दिसला की गाडी न्यूट्रल. इंजेक्शनवाली गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर उताराला पेट्रोल बंद होतं आणि न्यूट्रलमध्येच थोडं जळत राहतं, हे त्यांना सांगून पाहिलं. ते माझ्याकडे कंपनीचा माणूस असल्यासारखे बघू लागले.

कंपनीच्या आकड्यांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही. ते आकडे पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या ठिकाणी रोलरवर गाडी चालवून काढतात. "गाडी जागची हलत नाही आणि म्हणे वीस! न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीमागं चालवून दाखवा." या मुद्द्यावर मीही त्यांच्याच बाजूचा.

तर अशा माणसाने मारुतीची ईको घेतली. चार सिलिंडर, 1196 सीसी. सरकारने 2006च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा कर कमी केला होता. इंजिन त्या रेघेच्या चार सीसी अलीकडे. सरकारलाच छोटं इंजिन हवंय, असा अर्थ ॲव्हरेजवाल्यांनी काढला आणि ते सरकारच्या पुढे निघाले. ईकोतलं इंजिन काढून ओम्नीचं बसवायचं! 1984 साली मारुती व्हॅन म्हणून आलेली आणि 2019 साली बंद झालेली ती ओम्नी. तीन सिलिंडर, 796 सीसी, ताकद ईकोच्या निम्मी.

"घरात माणसं दोन," त्यांनी मेस्त्रीला पटवलं. "काम तीन गड्यांचं आणि लावलेत चार. एक नुसता बांधावर बसून भाकरी खातोय."

मेस्त्री म्हणाला, "काका, गडी कमी केला म्हणून रान कमी होतं का?"

पंचाईत अशी की काका अर्धे बरोबर होते. सावकाश चालणाऱ्या गाडीचं मोठं पेट्रोल इंजिन अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यातच काही ताकद घालवतं. छोटं इंजिन त्याच कामाला थ्रॉटल जास्त उघडून चालतं, तेवढं वाचतं. फोर्डनेही 2013 साली इकोस्पोर्टमध्ये तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन दिलं होतं. पण त्याला टर्बो होता. यांच्या इंजिनाला फक्त आशीर्वाद.

इंजिनासाठी ते रविवारी पुण्याला, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. एसटीने. बचतीच्या कामाला स्वतःची गाडी नेण्याएवढे ते उधळे नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मंजुरीशिवाय असा बदल चालत नाही, आरसीवर इंजिन नंबर असतो, उद्या विमावाले हात वर करतील, हे सगळं पारावर सांगून झालं. "मोठं बसवलं तर गुन्हा. लहान केलं तर बक्षीस पाहिजे!" इंजिन, वायरिंग, माउंटिंग, मजुरी यांची नोंद डायरीत सापडत नाही. डायरी पेट्रोलची आहे.

इंजिन बसलं. मेस्त्रीकडून घरापर्यंत गाडी छान चालली. मग श्रावण आला आणि काकूंच्या माहेरची पाच माणसं भीमाशंकरला न्यायची ठरली. मंचर, घोडेगाव ओलांडेपर्यंत आरडाओरडा फक्त इंजिनाचा होता. डिंभ्याच्या पुढे चढ लागला तेव्हा माणसांचाही सुरू झाला. पहिला गिअर, पाय तळाला टेकलेला, आणि शेजारून एक वारकरी काठी टेकत पुढे निघून गेला. शेवटी मेहुणे उतरले, मग मेहुण्यांच्या बायका, मग सासूबाई. सासूबाई गाडीच्या आधी वळणावर पोचल्या.

वर पोचल्यावर दर्शनाआधी ॲव्हरेजवाल्यांनी डायरी काढली. "आज ॲव्हरेज पडलं. कारण : सासर."

ते काकूंनी वाचलं आणि परतीला त्या सरळ एसटीत जाऊन बसल्या. महिलांना मार्च 2023पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ॲव्हरेजवाल्यांनी अडवलं नाही. उलट आईलाही घेऊन जा म्हणाले.